किडक्या सुकडीची खबर

मित्रांनो, मी एक जुना बिनतारी संच आहे. घरात बसून दूरगावच्या माणसाशी बोलायचं यंत्र. आज माझ्या बोलण्यात किळस जास्त येईल, ते आधीच कबूल करतो.

मी लष्करासाठी घडलो. काही वर्षं छावणीत राबलो आणि मग नगरच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडलो. तिथं पाथर्डीचे रंगनाथ आले. लष्करातून निवृत्त झालेल्या रंगनाथांनी हौशी बिनतारीचा परवाना काढला होता. सोबत पत्नी राहीबाई होत्या. दुकानदारानं आधी एक चकचकीत संच पुढे केला.

"ह्योच घ्या की," राहीबाई म्हणाल्या. "बैठकीत शोभंल."

"त्याला सारखी लाईट लागती. आपल्याकडं दिवसातनं चारदा जाती." रंगनाथांनी माझं झाकण उघडून तारा तपासल्या, कानाला हेडफोन लावून बराच वेळ ऐकलं. "ह्यो मोटारीच्या बॅटरीवरबी चालतोय. घरात ह्योच पाहिजे."

त्यांनी छपरावर बांबू बांधून तार ओढली. रोज सकाळी ते पुण्याच्या श्रीमंत नावाच्या हौशी बिनतारीवाल्या मित्राशी बोलत. राहीबाई मला रोज पुसत. ते माझे सुखाचे दिवस.

मग त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. दुष्काळी कामावरच्या मजुरांना सरकारी सुकडी, म्हणजे भाजलेल्या धान्याचं गोड पीठ, वाटत. तिचा ठेका गावचे पुढारी काकासाहेब यांच्याकडे होता. एका दुपारी कामावरच्या बाया भडाभडा ओकू लागल्या. राहीबाई वाडग्यात सुकडी घेऊन धावत आल्या. पिठात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. दवाखान्यातलं सलाईन संपलेलं, टपाल कचेरीचा फोन बंद, लाईट गेलेली. रंगनाथांनी मला बॅटरी जोडली.

तेवढ्यात काकासाहेब घुसले. "उन्हानं आजारी पडल्या म्हना. सुकडीचं नाव न्हाई काढायचं!" त्यांच्या तोंडातल्या पानाची थुंकी माझ्यावर उडाली.

"खरं कळल्याबिगर डाक्टर औषध काय देनार? व्हा बाजूला!" रंगनाथ म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"नगरला फोन लावतो," पलीकडून श्रीमंत म्हणाले.

संध्याकाळी डॉक्टरांची जीप आली. सलाईनवर बाकीच्या वाचल्या, म्हाताऱ्या बनुबाई गेल्या.

आठवड्यानं नगरहून एक मोठे सरकारी साहेब काकासाहेबांसोबत घरी मला बघायला आले. काकासाहेबांनी माझ्या डोक्यावर चिकट हात ठेवून फोटो काढवला. "उन्हाचा तडाखा बसला साहेब. म्या लगेच वायरलेसवर मदत मागवली." मला पळता आलं असतं तर मी त्या हाताखालून पळालो असतो.

राहीबाई आत गेल्या. त्या दिवसापासून झाकून ठेवलेला तोच वाडगा आणून त्यांनी काकासाहेबांपुढे ठेवला. "बनुबाईनं ह्येच खाल्लं हुतं. साहेबांम्होरं एक घास खाऊन दावा."

काकासाहेबांनी तोंड फिरवलं. साहेबांनी वाडग्यात पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि त्याच दिवशी गोदामाला सील ठोकलं.

राहीबाईंनी मला रॉकेलनं घासून काढलं, तरी ती बोटं मला अजून जाणवतात. आता माझे व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, मिळत नाहीत, मी कोनाड्यात गप्प असतो. मित्रांनो, आम्हा यंत्रांची धूळ पुसा, तारांना गंज चढू देऊ नका. पण एवढंच करून भागत नाही. आम्हाला खरं-खोटं निवडता येत नाही, तुम्ही बोलाल तेच आम्ही पोचवतो. म्हणून खोटं बोलायचं असेल, तर आम्हाला हात लावू नका.