नाथाजीच्या कमानीची लांबी

म्हसवडच्या केरबानं पोल्ट्रीच्या शेडात उडायचं इमान बांधलं, ह्याचं लोकांना लय कवतिक. मला न्हाई. त्येच्या इंजिनाच्या हवेच्या नळ्या मी बनवल्यात, आन त्यापायी माझं डोकं अजून तापलेलं हाय.

मी बादशहा. विश्रामबागेत माझं सायलेन्सरचं दुकान. केरबा मिलिटरीत इंजिनं खोलायचा. रिटायर झाला आन जुन्या मोटारीचं रोटरी इंजिन घेऊन आला. त्यात पिस्टन न्हाई, तिकोनी रोटर गरगरतो. ह्ये इंजिन हवा गिळतं तवा नळीत हवेचा धक्का उलटा फिरतो. नळीची लांबी बरोबर असली तर त्योच धक्का माघारी यून पुढचा घास आत कोंबतो. आखूड पडली तर इंजिन नुसतं बोंबलतं, पंख्याला ताकद न्हाई. सगळा उन्हाळा आमी नळ्या कापल्या, जोडल्या, परत कापल्या. शेवटी जमलं. इंजिनाच्या डोक्यावर दोन लांब शिंगं उभी ऱ्हायली.

इंजिन तपासायला सायब येणार त्या सकाळी केरबा त्यांना आणायला फाट्यावर गेला, मी बाजारात वेल्डिंगच्या कांड्या आणायला. मागं ऱ्हायला केरबाचा मेव्हणा नाथाजी. नवा ट्रॅक्टरबी आधी सिद्धनाथाच्या दर्शनाला नेत्यात, मग इमान का न्हाई, असं ह्येच्या डोक्यात आलं. पंख लावायचं बाकीच हुतं. ह्यानं इमान ट्रॉलीवर चढवलं, बँजो बोलावला आन मिरवणूक काढली.

वेशीत ह्यानंच उभी केलेली पाईपाची स्वागत कमान. वर ह्येचाच हात जोडलेला फोटो. शिंगं फोटोला अडकली. दुसऱ्या कुणी कमान सोडवली असती. नाथाजीनं ग्राइंडर मागवला आन शिंगं कापली. तुकडं ट्रॉलीच्या चाकाखाली चपटं झालं.

सायबांपुढं इंजिन बोंबललं, फेऱ्यांचा काटा काय वर चढंना. केरबानं नळ्यांकडं बघितलं, मग मेव्हण्याकडं.

"दाजी, टोकंच कापल्यात," नाथाजी म्हणला. "उलट हवेला आता जवळ पडतंय."

पाना माझ्या हातात हुता. कसा आवरला, मलाच ठावं.

सायब म्हणले, जेवण हुईस्तवर थांबतो, मग पुढच्या वर्षी बघू. केरबाच्या बायकूनं, लीलाबाईनं ते ऐकलं आन भाकरी थापायचा हात सावकाश केला. केरबा वेशीत गेला. कमानीचा पाईप त्यानं बोटानं वाजवला.

"बादशहा, भोक बघ."

बघितलं. तंतोतंत आमच्या नळीयेवढं.

"दाजी, फ्लेक्स नवा हाय," नाथाजी कळवळला.

"फोटू तुझाच हाय न्हवं? मग धरून उभा ऱ्हा."

कमान कापली, जुन्या मापानं जोडली. पाईप लय जड. उडायच्या आधी हलक्या नळ्या परत मलाच बनवायच्यात, ह्या इचारानं मी वेल्डिंग करताना नाथाजीच्या सात पिढ्यांची चौकशी केली.

इंजिन लागलं. काटा चढला, जाग्यावर बसला, आन पंख्यानं असा वारा सोडला की मागं उभा असलेला नाथाजी फ्लेक्सासकट बाभळीत गेला.

सायबांनी सही केली आन बाभळीकडं बघून इचारलं, ते काय उडालं?

"आमच्या घरचंच हाय," केरबा म्हणला.

त्येला काढायला कुणी गेलं न्हाई. मी तर मुळीच न्हाई.