दहापैकी नऊ

"तुला खरंच माहीत नाही?" मावशीने तिसऱ्यांदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा मी "अगं, काय?" म्हटलं.

मधली सुट्टी होती. क्लासच्या झेरॉक्सच्या खोलीत मी एका हाताने फोन धरून उभी होते आणि दुसऱ्या हाताने मशीनमधून बाहेर येणाऱ्या गरम प्रश्नपत्रिका गोळा करत होते. मावशी म्हणजे आईची पाठची बहीण. अकरा वर्षांत तिने मला परदेशात एकदाही फोन केलेला नाही. माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली तेव्हासुद्धा तिने आईकरवी निरोप धाडला होता. त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव दिसलं तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मला कळलं होतं.

"ताईने मला ओळखलं नाही," मावशी म्हणाली. "परवा आले मी इथे. मला म्हणते, तुम्ही कोणाकडे आलात? सख्ख्या बहिणीला तुम्ही म्हणते गं! काल गॅसवर दूध ठेवून मागच्या दारी जाऊन बसली. मी नसते तर काय झालं असतं, देव जाणे. भाऊजी म्हणतात, चार महिने हे असंच चाललंय."

"चार महिने?" मी ओरडलेच. "चार महिने आणि मला कोणी एका शब्दाने सांगितलं नाही?"

 मावशी जपून बोलल्यासारखं म्हणाली, "पण भाऊजी म्हणतात तुला सगळं ठाऊक आहे. रोज लिहून कळवतो म्हणाले. इंग्रजीत."

माझ्या हातातले कागद खाली पडले. ते उचलायचंही मला सुचलं नाही.

आता हे इंग्रजीत कळवणं काय होतं ते सांगायला हवं. मी इथे इंग्रजी शिकवते. एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर आमचा क्लास आहे. खालच्या इस्त्रीची वाफ जिन्यातून वर येते आणि हिवाळ्यात तेवढीच ऊब. माझे विद्यार्थी म्हणजे मोठी, संसारी माणसं. बेकरीवाला, क्रेन चालवणारा, वृद्धाश्रमातली नर्स, असे. दिवसभर कामाने पिचून संध्याकाळी मान मोडून लिहायला बसतात. मी त्यांना बाई म्हणून पुरेशी खाष्ट आहे.

आणि माझे वडील टेलर. टेलरला सगळी गल्ली मास्तर म्हणते, म्हणजे मी बाई होण्याच्या कितीतरी आधी आमच्या घरात एक मास्तर होते. सहा वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं आणि शिवणयंत्र आणून माझ्या खोलीत ठेवलं. चार महिन्यांपूर्वी त्यांचा फोन आला, "मला इंग्रजी शिकव."

"बाबा, चौऱ्याहत्तराव्या वर्षी?"

"डोकं गंजायला नको. तू परक्यांना शिकवतेस, बापाला शिकवायला काय झालं?"

मला इतका आनंद झाला होता! ठरलं असं, की बाबांनी रोज वहीत पाच वाक्यं लिहायची, पानाचा फोटो मला पाठवायचा. मी फोनवरच त्यावर लाल खुणा करणार, दहापैकी मार्क देणार आणि परत पाठवणार. पहिल्याच दिवशी मी त्यांना बजावलं होतं, "काहीही लिहा. खरंच असलं पाहिजे असं नाही." हे मी सगळ्यांनाच सांगते. माणसं खरं लिहायला बसली की अडखळतात. आमच्या बेकरीवाल्याने निबंधात आपल्या सासूला आजवर चारदा मारून टाकलंय, आणि ती दर शुक्रवारी त्याला न्यायला येते, चांगली धडधाकट.

त्यातून बाबांचा स्वभाव. आईची थट्टा केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. म्हणून ती वाक्यं वाचताना मला कधी काही खटकलं नाही. आणि वाचताना म्हणजे तरी काय? रोज पन्नास वह्या तपासणारी बाई वाचत नसते. ती चुका टिपत असते. चूक दिसली की लाल, नाही दिसली की पुढे. मजकूर डोळ्यांखालून जातो आणि कुठेही लागत नाही. मला माझ्या या वेगाचा अभिमान होता, हे आता लिहितानाही लाज वाटते.

मावशीला "थांब, करते" म्हणून मी फोन ठेवला आणि बाबांची पहिल्या दिवसापासूनची पानं उघडली. त्यांची वाक्यं इथे मराठीत सांगते. इंग्रजीत सांगितली तर तुम्हालाही आधी चुकाच दिसतील.

"तुझ्या आईने चष्मा तांदळाच्या डब्यात ठेवला." खाली माझा हसरा चेहरा. दहापैकी सात.

"ती मला विचारते, दुकान कधी उघडणार. मी सांगतो, जेवण झाल्यावर उघडतो." आठ. शेजारी माझ्या लाल अक्षरात, "छान, असंच लिहीत राहा!"

"आज ती भाजी आणायला गेली. ती आली नाही. मी दोन तास शोधलं. ती बस स्टँडवर बसली होती. तिच्या पायात चप्पल नव्हती."

त्याखाली मी लिहिलं होतं, "उत्तम प्रगती!"

मी ते तीनदा वाचलं. माझंच अक्षर होतं. उत्तम प्रगती, आणि पुढे उद्गारचिन्ह.  मी मशीनला टेकले, तर ते अजून गरम होतं.

पुढचं पान. "मी दाराला वर एक कडी लावली. तिचा हात पोचत नाही. मला लाज वाटते." यातलं कडीचं स्पेलिंग चुकलं होतं. मी तो शब्द पाच वेळा लिहून पाठवायला सांगितला होता. बाबांनी पाच वेळा लिहून पाठवला होता. खाली आपली रोजची थट्टा, "बाई, आता बरोबर आहे का?"

याच दिवसांत मी घरी जायचं दोनदा ठरवलं आणि दोनदा पुढे ढकललं. एकदा परीक्षांची तुकडी होती म्हणून, एकदा नवऱ्याला सुट्टी नव्हती म्हणून. व्हिडिओवर आई दिसायची, "जेवलीस का? थंडी आहे का गं?" विचारायची. ती पूर्वीपासून हेच दोन प्रश्न विचारत आली आहे. त्यांच्यामागे आणखी काही उरलेलं नाही, हे मला कसं कळणार? असं मी मनाशी म्हटलं आणि लगेच माझाच मला संताप आला. कसं कळणार काय! लिहून दिलं होतं की. रोज पाच वाक्यं.

आणि मग ते पान आलं. दीड महिन्यापूर्वीचं. त्यावर मी चांदणी काढली होती.

"तू कधी येणार, असं ती रोज विचारते. ती विचारायची थांबेल त्याच्या आधी ये"

दहापैकी नऊ. शेवटी पूर्णविराम दिला नव्हता, म्हणून एक मार्क कापला होता. मला हे वाक्य इतकं आवडलं होतं, की त्या संध्याकाळी मी ते फळ्यावर लिहिलं. कोणी लिहिलंय ते सांगितलं नाही. म्हटलं, बघा, साध्या शब्दांत किती सांगता येतं. उतरवून घ्या. सगळ्यांनी उतरवून घेतलं.

घंटा झाली. मी वर्गात गेले ती सवयीने, पाय घेऊन गेले म्हणून. कागद वाटायचे होते ते झेरॉक्सच्या खोलीत जमिनीवर पसरले होते. वर्ग माझ्याकडे बघत होता. मी विचारलं, "मागे एक वाक्य फळ्यावर लिहिलं होतं. ती विचारायची थांबेल त्याच्या आधी ये. आठवतंय कोणाला?"

सगळ्यांचे हात वर झाले. जे गेल्या आठवड्याचा धडा विसरतात, त्यांचेसुद्धा.

"मी घरी सगळ्यांना वाचून दाखवलं," क्रेनवाला म्हणाला. "माझी बायको रडली."

वृद्धाश्रमातली नर्स मागच्या बाकावर बसते. ती बोलताना नेहमी दोनदा विचार करते. "बाई, एक विचारू?" ती म्हणाली. "आमच्याकडे अशी माणसं रोज असतात. मला वाटलं होतं, ते तुमच्याच घरचं आहे. तुम्ही मग गेलात का?"

वर्गातल्या एकूण एक माणसाला ते वाक्य कळलं होतं. ज्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून माझ्याकडे येतात, त्यांना. मी खुर्चीवर बसले. त्यांना म्हटलं, आज शिकवणार नाही. कोणी कारण विचारलं नाही. बेकरीवाल्याने जाताना टेबलावर पाण्याची बाटली ठेवली.

रिकाम्या वर्गातून मी बाबांना फोन लावला.

"आज लवकर कशी?" बाबा म्हणाले. "वही अजून लिहायची आहे."

"बाबा, मराठीत का नाही सांगितलंत?"

दार ओढल्याचा आवाज आला. मावशी घरात होती, म्हणून त्यांना मागच्या दारी जाता आलं असावं.

"तुझी आई माझा फोन बघते," ते हळू आवाजात म्हणाले. "लग्न झाल्यापासून माझं सगळं बघते. खिसे, चिठ्ठ्या, वह्या. अजून बघते. मराठीत लिहिलं असतं तर वाचलं असतं तिने. तिचं तिलाच वाचायला लावू?"

"मग फोनवर बोलायचं!"

"ती शेजारी असते. तिला सोडून लांब कुठे जाऊ?"

 "आणि मी एका शब्दाने विचारलं नाही, तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. आधी राग आला. म्हटलं, कसली पोर आहे ही." ते म्हणाले. "मग म्हटलं, तू इतकं बारीक तपासतेस. एक टिंब राहिलं तरी सापडतं तुला. म्हणजे शब्दन् शब्द वाचतेस. आणि खाली लिहितेस, छान, असंच लिहीत राहा. मी म्हटलं, धीर देतेय पोरगी. उघड बोललो तर दोघंही रडत बसू, म्हणून अशी बोलतेय."

चार महिने त्या माणसाने माझ्या मार्कांवर दिवस काढले होते. मी वाचलंच नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. 

तेवढ्यात आईचा आवाज आला, "कोणाशी बोलताय हो?" आणि बाबांनी व्हिडिओ लावून फोन तिच्यासमोर धरला. "बघ, कोण आहे ओळख."

आईने केस नीट केले. पदर सारखा केला. मग दोन्ही हात जोडून मला म्हणाली, "नमस्कार. ह्यांच्या इंग्रजीच्या बाई ना तुम्ही?"

 माझ्या उत्तराची वाट न बघता आईनेच पुढे सुरू केलं. पाहुण्यांना अवघडू द्यायचं नाही, ही तिची रीत शाबूत होती.

"रोज बसतात हो लिहायला. तास तास बसतात. मी म्हणते, या वयात कशाला डोळे फोडून घेताय? पण तुमच्याकडून वही आली की आधी मार्क बघतात." ती थोडी पुढे झुकली. "मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही वाचता ना नीट? फार मनापासून लिहितात."

"वाचते," मी म्हटलं.

"आमची मुलगीही तिकडेच शिकवते. तुमच्यासारखीच. हुशार आहे, पण कामात असते." आई बाबांकडे वळली. "अहो, कधी येणार आहे ती?"

ती अजून विचारत होती. एवढ्याच गोष्टीला मी धरून ठेवलं आणि डोळे पुसले. तिकीट काढलेलं नव्हतं, सुट्टी मागितलेली नव्हती, घरी नवऱ्याला काही ठाऊक नव्हतं.

"शनिवारी," मी म्हटलं. "शनिवारी येतेय ती."

"अगंबाई! तुम्हाला म्हणाली का तसं? अहो, ऐकलंत का, शनिवारी येतेय. तिच्या खोलीतलं ते मशीन हलवा आधी." ती उठायलाच लागली होती. मग काहीतरी आठवून पुन्हा खाली बसली, फोनच्या अगदी जवळ आली आणि माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "पण बाई, नक्की ना? मागे दोनदा येते म्हणाली होती ती."