न पुसलेला दात

मी एक जुना कंगवा आहे, पण मित्रांनो, आजवर मी एकही केस विंचरलेला नाही. मी ओल्या रंगाची जाडी मोजतो. पोलादी पत्र्यातून मला कापलं, तेव्हा टोकांचे दोन दात सारखे लांब ठेवले आणि मधले एकापेक्षा एक आखूड. प्रत्येकावर आकडा कोरला. ताज्या रंगात मला उभं टेकवायचं. रंग लागलेला सर्वांत आखूड दात जाडी सांगतो.

माझी उमेदीची वर्षं एका रंगाऱ्याच्या खिशात गेली. त्यांची वहिनी त्यांच्यासोबत रंगाचा फवारा मारायची. ती भाऊजी म्हणे, म्हणून कामावर सगळ्यांचे ते भाऊजीच. त्यांना टक्कल होतं.

"भाऊजी, कंगवा बाळगता, तो काय आठवण म्हणून?" वहिनी विचारायची.

भाऊजी हसत आणि मला पुसत. दर मोजणीनंतर, पाणी प्यायच्याही आधी.

एकदा मोठ्या लोखंडी टाकीचं काम निघालं; ओला थर दोनशेचा हवा होता. जेवायची हाक आली आणि भाऊजींनी मला तसंच खिशात टाकलं. दोनशेच्या दातावर रंग वाळला. त्या वाळलेल्या थराइतका दात लांब झाला. दुपारी थर पातळ बसत होता, तरी मी दोनशेच दाखवत राहिलो.

"पुरे वहिनी, बसला," भाऊजी म्हणत गेले.

रंग सुकल्यावर तपासनीस आपलं यंत्र घेऊन आले. अर्ध्या टाकीवर थर कमी निघाला.

"बाईंनी हात आखडता घेतलाय," ते म्हणाले. "उद्यापासून फवारा दुसऱ्या कुणाकडे द्या."

वहिनी नळी गुंडाळू लागली.

भाऊजींनी मला बाहेर काढलं, नखाने दात खरवडला. बारीकशी खपली निघाली. ती त्यांनी बोटावर घेतली. फुंकर मारली असती, तर कुणाला कळलं नसतं. मग ते बोट त्यांनी तपासनिसांपुढे धरलं.

"वहिनींचा हात बरोबर होता, साहेब. मी म्हणेन तिथे त्या थांबतात. कंगवा मी पुसला नव्हता."

"मग फवारा राहू दे त्यांच्याकडेच," तपासनीस म्हणाले. "कंगव्याचं तुम्ही बघा."

भाऊजींनी मला वहिनीपुढे धरलं. "आता मोजायचंही तुम्हीच बघा."

"टक्कल तुमचं आणि कंगवा माझ्याकडे," वहिनी म्हणाली. "लोक काय म्हणतील?" आणि तिने आधी चिंधी मागितली.

टाकीला आणखी एक हात दिला. पुढे मी निवृत्त झालो; आता खिळ्याला टांगलेला असतो. मित्रांनो, मोजणाऱ्या वस्तूला स्वतःवर काय साचलंय ते दिसत नाही. तेवढं तुम्ही बघत जा.

वहिनी अजून जाता-येता मला पुसते. मी काही मोजत नाही, तरी.