वाळूची धुलाई

आमच्या ह्यांनी उभं आयुष्य लाँड्री चालवली. त्यामुळे जगात दोनच प्रकारच्या गोष्टी असतात असं त्यांचं पक्कं मत आहे: धुतलेल्या आणि धुवायच्या राहिलेल्या. मी दुसऱ्या प्रकारात मोडते, हे ते तोंडावर म्हणत नाहीत इतकंच. इमारतीतले लोक त्यांना पाठीमागे 'कडक' म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि वर त्याचा अभिमानही आहे.

दुकान विकून ते घरी बसले तेव्हा मी मनातून धास्तावले होते. पहिल्याच आठवड्यात पायपुसण्यांना इस्त्री झाली. मग इमारतीच्या कमिटीची निवडणूक आली, दुसरं कोणी उभंच राहिलं नाही आणि हे बिनविरोध अध्यक्ष झाले. मी हुश्श केलं. अध्यक्षाच्या ताब्यात पोहण्याचा तलावही येतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या तलावात माझा जीव अडकलाय. माझ्या दोन्ही गुडघ्यांनी केव्हाच मान टाकली आहे. जमिनीवर मी एका हातात काठी आणि दुसऱ्याने भिंत धरून चालते. पाण्यात छातीपर्यंत उतरले की काठी कशाला लागते तेच आठवत नाही. पोहता मला येत नाही आणि शिकायची हौसही नाही. रोज सकाळी ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसती चालते, ताठ मानेने. तेवढा वेळ मी म्हातारी नसते.

तलावामागच्या खोलीत वाळूचा फिल्टर आहे. माणसाच्या उंचीची टाकी, तिच्यात वाळू. पंप तलावाचं पाणी त्या वाळूतून ढकलतो, घाण आत अडकते, पाणी परत तलावात जातं. टाकीच्या डोक्यावर एक दांडा आहे. पंप बंद करून तो फिरवला आणि पंप पुन्हा चालू केला, की पाणी उलटं वाहतं, वाळू धुतली जाते आणि घाण गटारात जाते. कधी धुवायचं ते सांगायला शेजारी काट्याची तबकडी आहे. काटा लाल पट्ट्याला टेकला की धुवायचं. आधीचे अध्यक्ष पक्के आळशी. काटा टेकेपर्यंत तिकडे फिरकायचे नाहीत. पाणी मात्र लख्ख असायचं.

ह्यांनी पहिल्या धुलाईला गटाराकडे जाणाऱ्या काचेच्या नळीतून तपकिरी पाणी जाताना पाहिलं आणि ते हबकलेच.

"अगं, असल्या वाळूतून गाळलेल्या पाण्यात माणसं सोडतात? मी गिऱ्हाइकाचा रुमालसुद्धा सोडला नसता!"

झालं. त्या दिवसापासून वाळूची रोज धुलाई सुरू झाली. काटा हिरव्यातून हलायचं नाव घेईना आणि ह्यांची छाती फुगायला लागली. पाणी मात्र दुधाळ व्हायला लागलं. मग धुलाई दिवसातून दोनदा. पाणी आणखी गढूळ. "डाग हट्टी आहे," हे म्हणाले. नवीकोरी वाळू भरून झाली, ती भरण्याआधी घासून झाली, भरल्यावर पुन्हा धुऊन झाली. आता पाण्यात मला माझे स्वतःचे पाय दिसेनात.

ह्या सगळ्यात एकाच माणसाला आनंद होत होता. तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांच्या गाड्या तीन आणि जागा एका गाडीची. त्यांनी वार्षिक सभेसाठी ठराव दिला: तळाची जाळी वरून दिसत नसेल तर तलाव धोक्याचा आहे, तो बुजवावा आणि तिथे गाड्या लावाव्यात. "उद्या कोणी बुडालं तर दिसणार तरी आहे का?" असं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला विचारायचे. दात काढताना विचारतात तसंच, उत्तर देता येणार नाही अशा बेताने. आणि मुद्दा खरा होता, हेच तर दुखणं.

मधेच हे आमच्या मुलीकडे चार दिवस राहायला गेले. मी गेले नाही, तिच्याकडे जिना आहे. हे परत आले त्या सकाळी मला पाण्यात माझ्या पायांची बोटं दिसली. संध्याकाळी ह्यांनी आल्याआल्या साग्रसंगीत धुलाई केली आणि दुसऱ्या दिवशी बोटं पुन्हा गायब. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चहाच्या फडक्याचंही हेच असतं. कोरं फडकं बारीक चुरा खाली सोडतं. जरा वापरलं, थोडा चोथा बसला, की थेंबन् थेंब गाळून देतं.

मी म्हटलं, "अहो, वाळूत थोडा मळ राहू द्या. तोच मळाला धरतो."

ह्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांच्या आईबद्दल काही बोलले होते. "मळ मळाला धरतो? माझ्या दुकानात हे बोलली असतीस तर धंदा बुडाला असता. उद्या टाकीत साबणाची पावडर घालतो. कॉलरवरची, स्पेशल!"

साबण! फेसाच्या डोंगरात तलाव, आणि वर डॉक्टर फोटो काढतायत. मला दरदरून घाम फुटला. दुपारी हे घोरत होते तेव्हा मी काठी टेकत फिल्टरच्या खोलीत गेले आणि विणायच्या सुईने दांड्याची खीळ काढली. दांडा अलगद हातात आला. तो जुन्या फडक्यात बोळा करून गुंडाळला आणि गुडघ्याला थंडीत बांधायच्या पट्ट्यांच्या डब्यात तळाशी घातला. तेलाचा वास येतो म्हणून त्या डब्याकडे हे फिरकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी इमारतीत हलकल्लोळ. अध्यक्षांनी तातडीची बैठक घेतली. 'दांडा चौकशी उपसमिती' नेमली गेली. खोलीबाहेर पहारा बसला. म्हणजे चोरून न्यायला काही उरलं नव्हतं तेव्हा बसला. पहाऱ्यावरच्या लोकांना चहा मीच पाठवत होते. सगळ्यांचा संशय डॉक्टरांवर, आणि मीही चुकचुकत मान हलवत होते. प्लंबरने सांगितलं, पकडीने फिरवायला जाल तर मोडेल, कंपनीकडून नवा दांडा मागवा. हे रोज म्हणायचे, "मागवलाय, येईल."

तो येईना. फिल्टर मुकाट पाणी गाळत राहिला. काटा हळूहळू वर सरकला, मला बोटं दिसली, मग फरशीच्या फटी, आणि सभेच्या दिवशी खोल बाजूची जाळी भोकांसकट दिसली. सगळे काठावर वाकून पाहत होते. ठराव आपटला. ह्यांनी नव्या वाळूवर लांबलचक भाषण ठोकलं आणि टाळ्या घेतल्या.

डॉक्टर चिडून म्हणाले, "ते राहू द्या. दांडा कोणी चोरला ते सांगा!"

"चौकशी पूर्ण झाली आहे," हे शांतपणे म्हणाले. "चोर इमारतीतलाच आहे. नाव मी जाहीर करणार नाही."

अख्ख्या सभेने डॉक्टरांकडे पाहिलं. मला तर हसू आवरेना.

मग एके दिवशी काटा लाल पट्ट्याला टेकला. आता खरंच धुवायची वेळ झाली होती. पण दांडा ह्यांच्या हाती दिला की पुन्हा रोजचा घोळ सुरू, आणि माझं चालणं बंद. न द्यावा तर पाणीच पुढे सरकणार नाही. शेवटी मन घट्ट करून मी डबा उघडला.

वर माझ्या गुडघ्याच्या पट्ट्या होत्या, धुतलेल्या, नीट वळलेल्या. खाली दांडा. त्याच्याभोवतीच्या जुन्या फडक्याला कडक इस्त्री होती, चारी कोपरे एकमेकांवर बरोबर बसवलेले.

मी तिथेच पलंगावर बसले. नवा दांडा ह्यांनी कधी मागवलाच नव्हता. धुवायला हात शिवशिवत असताना हा माणूस रोज ह्या डब्याजवळून गेला होता आणि मी पाण्यात चालत होते. मला रडू आलं.

हे बाहेरच्या खोलीत शर्टाच्या बाहीवर पाणी शिंपडत होते. मी दांडा टेबलावर ठेवला.

"अहो, काटा टेकला."

त्यांनी मान वर केली नाही. इस्त्रीचं बटण बंद केलं आणि कोपऱ्यातली माझी काठी आणून हातात दिली.

"चल. पंप मी बंद करतो," ते म्हणाले. "दांडा तू फिरव."