एकशे चाळीस काळे फोटो

लग्नसमारंभात फोटो काढायला घेतलेला साधा कॅमेरा तिने दुर्बिणीच्या मागे बसवला, तेव्हाच नणंदेने कपाळाला हात लावला होता. आता तर पदरात नऊ महिन्यांची ठकी. अंधाराचे फोटो काढते आणि लेकराच्या झोपेचं खोबरं करते, असं ताई दर रविवारी येऊन ऐकवायच्या. शेवटी त्यांनी दुर्बिणीला गिऱ्हाईकच शोधलं. त्यांच्या ऑफिसातले साहेब पुढच्या रविवारी येऊन ती घेऊन जाणार होते.

"ताईचं अगदीच चुकतंय असं नाही," नवरा म्हणाला.

तिने मुदत मागून घेतली. रविवारपर्यंत फोटोत तेजोमेघ दिसला तर दुर्बीण घरात राहील, नाही दिसला तर साहेबांनी खुशाल न्यावी. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांमधला विरळ वायू. हा तर इतका फिका, की दुर्बिणीतूनही डोळ्याला दिसत नाही. मिनिटभराचा एक फोटो काढावा, तर हाती काळोख. असे ढीगभर फोटो लॅपटॉपवर एकावर एक रचले, की तेव्हा कुठे तो वर येतो. तिच्याकडे महिनाभरात जमवलेले एकशे चाळीस होते. दुपारी ठकी झोपली तसे तिने ते रचायला घेतले. तारे गोल नव्हतेच. अळ्यांसारखे लांबुळके झाले होते.

आधी तिने दुर्बीण फिरवणाऱ्या मोटरीला शिव्या घातल्या. मग एकेक फोटो उघडून पाहिला. एक चांगला, दोन बिघडलेले, पुन्हा एक चांगला. नवऱ्याच्या सुट्टीच्या रात्रींचे मात्र सगळे नितळ. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. नवरा रात्रपाळीला गेला की ठकी खालच्या खोलीत एकटी झोपायची, आणि ही बया दर दोन-तीन मिनिटांनी गच्चीवरून खाली धावायची. श्वास चालू आहे ना, पांघरूण तोंडावर आलं नाही ना. तिच्या पावलांनी गच्ची थरथरत होती, आणि गच्चीबरोबर तारे. एकशे चाळीसातून धड निघाले सत्तावन्न. तेवढ्या फोटोंत नुसता संशय दिसत होता, मेघ नाही.

हे ताईंना फोनवर सांगायची दुर्बुद्धी तिला झाली. ताईंना आयतं कोलीत मिळालं. दोन दगडांवर पाय ठेवला की असंच व्हायचं, आई झालीस तर आईसारखी वाग म्हणाल्या.

आईसारखी म्हणजे कशी, हे ठरवणाऱ्या ताई कोण? ती चिडली, आणि चिडली की तिला बरोबर सुचायचं.

त्या रात्री ठकीची वेताची टोपली गच्चीवर गेली. दोन स्वेटर, टोपी, मोजे, वर शाल, वाऱ्याच्या बाजूला उभी केलेली गादी. तिने टोपलीला खेटून बसायचं, एक हात ठकीच्या छातीवर ठेवायचा आणि मिनिट संपेपर्यंत हलायचं नाही, असा नियम केला. श्वास तळहातालाच कळत होता, बघायला धावायचं कारणच उरलं नाही. एकदा ठकी हुंदके देत जागी झाली, तेव्हा उरलेले बावीस सेकंद दातावर दात धरून मोजले आणि मगच तिला उचललं. अशा चार रात्री.

रविवारी साहेब आले. लॅपटॉप उघडायच्या आधीच ताईंनी त्यांच्या हातात दुर्बिणीची तिपाई दिली. तिने चित्र समोर धरलं. मधोमध लालसर धूर, एका कडेला दाट, दुसरीकडे विरत गेलेला.

"शाईचा हात पुसलाय की काय?" ताई म्हणाल्या. साहेब वाकून बराच वेळ बघत राहिले. आहे खरं काहीतरी, असं पुटपुटले.

"काहीतरीच. ह्यासाठी लेकराला उघड्यावर निजवलंस?"

"निजवलं. आजही निजवणार आहे," ती म्हणाली. "तुम्हाला शाई दिसू दे, ताई. तो फोटोत आलाय आणि आपलं ठरलं होतं. साहेब, तिपाई खाली ठेवा."

साहेबांनी नवऱ्याकडे पाहिलं. रात्रपाळीहून आलेला नवरा डोळे चोळत म्हणाला, "ती सांगतेय ना."

तिपाई खाली आली. ताईंनी पर्स उचलली. दारापर्यंत पोचवायला ती उठली नाही. मांडीवर ठकी होती, आणि मेघाची विरळ कड अजून नीट वर आली नव्हती. तिला आणखी शंभरेक फोटो लागणार होते.