ऑपरेशनच्या दारातलं वाक्य

"काका, पेशंटला बोलायला लावू नका," सिस्टरनं तिसऱ्यांदा दटावलं.

खरं तर बोलत एकटा मीच होतो. बायकोच्या गळ्यातली गाठ काढून तिसरा दिवस. आवाजाची नस गाठीला चिकटलेली होती, म्हणून डॉक्टरांनी तिला दहा दिवस अवाक्षरही काढायला बंदी केली होती.

"मग येईल ना आवाज?" मी विचारलं होतं.

"यायला हवा," ते म्हणाले. तेवढ्यावर मी दिवस ढकलत होतो.

मी छापखान्यात मशीनमन. छपाई सुरू झाली की शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू येत नाही. कागद संपला, शाई कमी कर, मशीन थांबव, सगळं हातानं सांगायचं. कुणी तोंडानं काही बोललंच, तर "हं" म्हणून मोकळं व्हायचं. ही सवय मी घरीही आणली. तीस वर्षं ती बोलत आली, मी "हं" म्हणत आलो. "तुमच्यापेक्षा भिंत बरी, ती निदान ऐकल्याचं सोंग करत नाही," असं ती म्हणायची.

आता ती हातवारे करी आणि मला चटकन कळे. उशी वर करा. पंखा कमी करा. हे शहाणपण इतकी वर्षं कुठं होतं, असं तिच्या भुवया विचारत आणि मी ओशाळून हसे.

पण एक गोष्ट मनाला कुरतडत होती. ऑपरेशनला नेताना थिएटरच्या दारापाशी ती स्ट्रेचरवरून काहीतरी म्हणाली होती आणि मी सवयीनं "हं" म्हटलं होतं. आवाज परत आलाच नाही, तर ते तिचं शेवटचं बोलणं. आणि मी करंट्यानं ते ऐकलंच नव्हतं.

शेवटी वही तिच्यापुढे धरली. "अगं, त्या दिवशी दारात काय म्हणालीस? मी उगाच हं म्हटलं."

तिनं लिहिलं, "अहो, मला भीती वाटतेय."

तिचा हात धरून मी पुटपुटलो, "मलाही वाटत होती."

तिनं कानामागे तळवा धरला.

"मला पण वाटत होती गं! अजून वाटतेय!" मशीन चालू असल्यासारखा मी ओरडलो. अख्खा वॉर्ड बघायला लागला. सिस्टर तरातरा आली. बायकोनं तिला हातानंच थोपवलं आणि मला खुणावलं, बोला पुढं.