दर गुरुवारी येणारा पेशंट

चामोर्शीत हार्डवेअरच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे आणि तिथं बसून आम्ही पाच जणी अमेरिकेतल्या डॉक्टरांची बिलं करतो. हे सांगितलं की लोक मला थापाडी समजतात. समजू देत. आमचे मालक धनराजभाऊ हैदराबादला सात वर्षं हेच काम करून परत आले आणि त्यांनी तिकडचे सहा लहान दवाखाने गिऱ्हाईक म्हणून धरले. एकटा डॉक्टर, मदतीला एक बाई, असले. डॉक्टरनं कोणाला काय तपासलं ते सकाळी आमच्याकडे येतं, आम्ही त्याला कोड लावून विमा कंपनीकडे पाठवतो. काही अर्धवट असलं तर डॉक्टरला प्रश्न पाठवायचा, दुसऱ्या दिवशी उत्तर येतं. फाईलमधलं घरी बोलायचं नाही, हा भाऊंचा पहिला नियम.

घरी मी आणि आई दोघीच. माझा बाबा, उमाजी, मार्कंड्याजवळ वैनगंगेत मासे धरायचा. गेल्या ऑगस्टच्या पुरात, एका गुरुवारी, आम्ही नको नको म्हणत असताना डोंगा घेऊन गेला. डोंगा सापडला, बाबा नाही. मला दुःखापेक्षा राग जास्त आला आणि तो अजून गेलेला नाही.

आई, ताराबाई, त्याला मेला मानायलाच तयार नव्हती. दाराजवळच्या खुंटीवर तिनं त्याचा निळ्या चौकटीचा सदरा टांगला होता. वरून दुसरं बटण तुटलं म्हणून तिथं माझ्या कुर्त्याचं लाल बटण लावलेलं. दर आठवड्याला धुवायची, पुन्हा टांगायची. "ओला येईन घरी, तं बदलाले लागंन," म्हणायची.

देवाजीकाका मात्र हात धुऊन तिच्या मागे लागले होते. प्रेत सापडलं नाही की आमच्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, भाताचा पिंड ठेवतात. "वर्षाच्या आत करा, वहिनी. नाई तं उमाजी अडकून राहीन."

"मानूस दिसला नाई, तं पानं काऊन जाळू?" आई म्हणायची, आणि विषय तिथंच संपायचा.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी एक फाईल आली. नाव नाही, जन्मतारीख नाही, विमा नाही. डॉक्टरनं लिहिलं होतं : वृद्ध पुरुष, स्वतःहून आला, बोलत नाही. तक्रार थंडीची. बाहेर ऊन असून कपडे ओले. नाडी लागली नाही, मशीन दुरुस्तीला दिलं आहे. डाव्या कानात पितळेची बाळी. उजव्या अंगठ्याला अर्धंच नख.

बाबाच्या कानात तशीच बाळी होती, आणि अंगठ्याचं अर्धं नख कासवानं तोडलं होतं. मी तेव्हा सात वर्षांची होते, रक्त मीच धुतलं होतं.

पंखा फिरत होता, शेजारी नीलिमा डबा उघडत होती. मी स्वतःलाच म्हटलं, दामिनी, चंद्रपूरच्या पुढे कधी न गेलेला माणूस अमेरिकेत कुठून पोचेल? अर्धं नख काय एकट्या बाबाचंच असतं? उगाच हात दाखवून अवलक्षण नको. पण नाव नसलेली फाईल पुढे सरकत नाही, प्रश्न विचारणं माझं कामच होतं. मी विचारला : पेशंटचं नाव काय, आधी कधी आला होता?

उत्तर सोमवारी आलं. नाव सांगत नाही. गेल्या ऑगस्टपासून दर गुरुवारी येतो, आतापर्यंत नोंद केली नव्हती. सगळे जाईपर्यंत खुर्चीत बसून राहतो. आम्ही ब्लँकेट दिलं. ब्लँकेटही ओलं झालं. खुर्चीखाली वाळू साचते.

मी भाऊंचा नियम मोडला. दुपारीच घरी गेले आणि आईला सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल, नाहीतर रडेल. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले.

"ओला हाय?"

"हो."

"नऊ महिने ओल्या कपड्यात बसून राह्यला?"

मी मान हलवली. आईनं सूप बाजूला ठेवलं. खुंटीकडे बघितलं. मग म्हणाली, "देवाजीभाऊले सांग. पानं आनाले लाव."

बुधवारी नदीकाठी पुतळा जाळला. पळसाची पानं भरभर पेटली. धूर खाली पाण्यावर गेला आणि तिथंच थोडा वेळ थांबला. मी रडले, आणि रडताना बाबाला शिव्याही दिल्या. आईनं कुंकू पुसलं, पण सदऱ्याला कोणाला हात लावू दिला नाही.

शुक्रवारी सकाळी मी सगळ्यात आधी तीच फाईल उघडली. डॉक्टरनं लिहिलं होतं : पेशंट आला, बसला नाही. थंडीची तक्रार नाही. अंगाला धुराचा वास. बोटांना शिजलेला भात चिकटलेला. आज प्रथमच कपडे कोरडे. निळ्या चौकटीचा सदरा, वरून दुसरं बटण लाल. दारातून हात केला आणि गेला. परत बोलावण्याची गरज वाटत नाही.

मी जिन्यात जाऊन आईला फोन लावला. "आई, खुंटीवरचा सदरा बघ."

चपला ऐकू आल्या. नंतर फोनमधून एक बारीक आवाज येऊ लागला, थांबून थांबून. पाणी टपकत होतं.

"निळा नाई इथी," आई म्हणाली. "ज्या दिवशी गेला ना, त्या दिवशी अंगात होता तो हाय. पांढरा. वाळूनं भरला हाय."

मी फोन कानाला घट्ट धरला.

"ठेव आता फोन," ती म्हणाली. "धुवून उन्हात टाकतो. संध्याकाळपर्यंत वाळंन."